रघुनाथपंत हणमंते : शस्त्रवर्गाचा कर्ता आणि शस्त्रांची नावे

रघुनाथ नारायण हणमंते यांचे नाव मराठीच्या विद्यार्थ्यास बहुधा एका ओळीत भेटते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने 'राजव्यवहारकोश' करणारा पंडित, एवढीच ती ओळ असते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रघुनाथ नावाच्या व्यक्तींची गर्दी असल्याने या ओळीचाही पुष्कळदा गोंधळ होतो. 'नलदमयंतीस्वयंवराख्यान' लिहिणारा कवी रघुनाथपंडित आणि हा कोशकार एकच, असे काही अभ्यासकांनी मानले व इतरांनी ते नाकारले. अष्टप्रधानांतील पंडितराव रघुनाथ तर याहून निराळेच. प्रस्तुत चरित्राचा विषय तंजावर-जिंजीच्या राजकारणात आयुष्य घालविलेला मुत्सद्दी रघुनाथपंत हा आहे. कोशकार्य हा त्याच्या आयुष्यातील एक भाग होता, आणि तो समजण्यासाठी उरलेले आयुष्य ध्यानात घेणे अवश्य आहे.

हणमंते घराणे शहाजीराजांच्या पदरचे. रघुनाथपंतांचे वडील नारो त्रिमल हे शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीचे कारभारी होते. रघुनाथपंत व त्यांचे बंधू जनार्दनपंत या दोघांचे शिक्षण व उमेदवारी या दक्षिणी वातावरणात झाली. या वातावरणाचे वैशिष्ट्य असे की, तेथे एकाच कचेरीत चार भाषांचा व्यवहार चाले. विजापूर दरबाराशी फारसीत, स्थानिक नायकांशी कानडी, तेलुगू वा तमिळमध्ये, घरच्या माणसांशी मराठीत आणि शास्त्रीमंडळींशी संस्कृतात. ज्या माणसास एका वस्तूची चार नावे रोज उच्चारावी लागतात, त्याला नाव आणि वस्तू यांतील अंतर जितके जाणवते तितके एकभाषिक पंडिताला जाणवत नाही. रघुनाथपंतांच्या हातून कोश व्हावा यात म्हणूनच नवल नाही.

१६६४ मध्ये शहाजीराजे वारले. त्यानंतर रघुनाथपंत व्यंकोजीराजांचा कारभार पाहू लागले. पुढे धनी आणि कारभारी यांचे बिनसले. पंतांनी तंजावर सोडले आणि ते शिवाजीमहाराजांकडे आले. दक्षिणदिग्विजयाच्या मसलतीत त्यांचा मोठा वाटा होता, असे बखरकार एकमुखाने सांगतात. कर्नाटकची वाट, तेथील किल्ले, नायकांचे स्वभाव व विजापुरी सरदारांतील फाटाफूट यांची इतकी माहिती असलेला दुसरा माणूस रायगडावर नव्हता, हे लक्षात घेता त्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. १६७७ मध्ये महाराज भागानगरास गेले, कुतुबशहाशी तह झाला, आणि त्याच वर्षी जिंजी हाती आली. वेलोरचा वेढा मात्र लांबला व तो किल्ला १६७८ मध्ये पडला. महाराज परतल्यावर या नव्या मुलखाची जबाबदारी प्रामुख्याने रघुनाथपंतांवर पडली. नोव्हेंबर १६७७ मध्ये व्यंकोजीराजांच्या फौजेशी जी लढाई झाली, तीत पंत आपल्या जुन्या धन्याविरुद्ध उभे होते. पुढे दोघा भावांत समेट झाला, त्याची बोलणीही त्यांच्याच हातची.

कोशाची रचना याच धामधुमीच्या काळातील आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. नवा शक सुरू झाला आणि प्रधानांची नावे बदलली. पेशवा तो पंतप्रधान, मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव, वाकनीस तो मंत्री, डबीर तो सुमंत, सरनौबत तो सेनापती झाला. राजव्यवहारकोश हा या नामांतराचा विस्तार होय. अमरकोशाच्या धर्तीवर रचलेल्या ३८४ श्लोकांत तेराशेच्या वर प्रचलित शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. प्रत्यक्ष रचनेत धुंडिराज लक्ष्मण व्यास यांचा हात होता. कोशाचे दहा वर्ग आहेत : राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. यांतील शस्त्र, चतुरंग व दुर्ग हे तीन वर्ग सैन्याशी थेट निगडित आहेत. कोशकर्ता लष्करी मुलखात वावरलेला होता, हे या वाटणीवरूनही दिसते.

शस्त्रवर्गाची अडचण इतर वर्गांहून वेगळी होती. अमात्य, सचिव, सुमंत हे शब्द राजनीतीच्या ग्रंथांत तयार होते. खड्ग, धनुष्य, कवच यांचेही पर्याय अमराने पूर्वीच गोळा करून ठेवले होते. परंतु तोफ, बंदूक, दारू, जेजाला या वस्तूंना अमरकोशात नाव असणे शक्यच नव्हते. जी वस्तू संस्कृत कोशांच्या काळानंतर देशात आली, तिला जुन्या शब्दाचा अर्थ ताणून किंवा नवा समास घडवूनच नाव द्यावे लागते. ज्या वस्तूंना संस्कृत नावे तयार होती, त्यांच्या बाबतीतही उणेपणा राहतोच. खड्ग म्हटल्याने तरवार, फिरंग, धोप आणि पट्टा यांतील भेद पुसला जातो, आणि ज्याच्या हातात ते शस्त्र आहे त्याच्या दृष्टीने तो भेदच महत्त्वाचा असतो. फिरंग म्हणजे परदेशी घडणीचे पाते. धोप सरळ व लांब. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतचा हात झाकणारी, त्यामुळे मनगट न वळविता संपूर्ण बाहूने वार करावा लागतो. ही तिन्ही एका शब्दात कोंबणारा पंडित शस्त्रागाराच्या कारकुनास फारसा उपयोगी पडत नाही.

येथे एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटते. कोशाची थोरवी सांगताना त्यातील संस्कृत शब्दांकडे बोट दाखविले जाते. परंतु ज्याला शिवकालातील बोलता शब्द हवा आहे, त्याच्या दृष्टीने कोशाचे मोल त्यातील दुसऱ्या बाजूला आहे. प्रतिशब्द देण्यासाठी पंतांना मूळ शब्द नोंदवावा लागला, आणि तो नोंदविताना त्यांनी शिपायाच्या, सुताराच्या, खलाशाच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा टिपला. जे शब्द हद्दपार करावयाचे त्यांचीच ही विश्वसनीय यादी झाली. संस्कृत बाजू ही राज्याची आकांक्षा दाखविते, प्रचलित बाजू व्यवहार दाखविते. ऐतिहासिक कादंबरी, नाटक, चित्रपट किंवा गडावरील शस्त्रप्रदर्शन यांत शिवकाल उभा करू पाहणारे अनेकदा पहिल्या बाजूचे शब्द मावळ्याच्या तोंडी घालतात आणि त्याला अस्सल भाषा समजतात. हा कोशाचा सन्मान नव्हे, त्याच्या हेतूविषयीचे अज्ञान आहे.

या अज्ञानाची उदाहरणे पुष्कळ आहेत. 'बाण' हा शब्द घ्या. मराठी लष्करी कागदपत्रांत बाण म्हणजे बहुधा दारू भरलेल्या नळीचा, वातीने पेटविण्याचा अग्निबाण. धनुष्यातून सुटतो तो तीर, आणि त्याचे साधन तीरकमठा. लढाईत बाणांचा मारा झाला असे वाचून धनुर्धारी रंगविणारा लेखक एका शब्दापायी सारे रणांगण चुकवितो. 'जिरेटोप' हा तर सार्वत्रिक प्रमाद. जिरे म्हणजे फारसी जिरह, कड्यांत कडी गुंतवून विणलेले कवच. असे जाळीदार कवच ज्याला जोडलेले, तो युद्धातील टोप म्हणजे जिरेटोप. महाराजांच्या चित्रांतील कापडी शिरोभूषणास आता सरसकट तेच नाव दिले जाते, आणि जत्रेत विकले जाते तेही त्याच नावाने. 'तलवार' हे रूपही आजचे. जुन्या मराठी लेखनात रूढ रूप 'तरवार' असे आहे.

उलट बाजूचे उदाहरण सभासदाच्या बखरीत आहे. प्रतापगडच्या प्रसंगी महाराजांजवळ बिचवा व वाघनख, जिवा महालाजवळ पट्टा, फिरंग आणि ढाल, असा तपशील सभासद देतो. एका माणसाजवळ दोन पाती, आणि त्या दोहोंची नावे वेगळी. हा तपशील केवळ अलंकार नव्हे. त्यावरून कोण कोणत्या अंतरावरून, कोणत्या हाताने लढू शकत होता हे कळते. तेथे दोन्ही वेळा खड्ग लिहिले असते, तर प्रसंग आंधळा झाला असता.

तेव्हा रघुनाथपंतांचा उद्योग फसला, असे म्हणावे काय? तसे म्हणणे उथळपणाचे ठरेल. पदांची नावे टिकली. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य ही घराणी त्याच नावांनी शतकानुशतके ओळखली गेली. सेनापती हा शब्द धनाजी जाधव व दाभाडे यांच्या काळातही रूढ होता. पेशव्यांना लोक पेशवेच म्हणत, पण त्यांच्या शिक्क्यांवर प्रधान हा शब्द राहिला. याचे कारण उघड आहे. पदाचे नाव सनदेने मिळते, ती सनद लिहिणारी लेखणी दरबाराच्या हाती असते. शस्त्राचे नाव लोहाराच्या भात्याजवळ आणि शिपायाच्या तळावर ठरते, तेथे दरबाराचा हुकूम चालत नाही. १६७७ मध्येच, म्हणजे कोश सिद्ध होत असतानाच्या सुमारास, महाराजांनी भागानगरहून मालोजी घोरपडे यांना लिहिलेले पत्र पाहावे. दक्षिणेतील पादशाही दक्षिण्यांच्या हाती राहावी असा कळकळीचा आशय त्यात आहे, आणि भाषा मात्र फारसी शब्दांनी भरलेली आहे. समजावयाचे होते त्याला समजेल अशी ती भाषा होती. पंडिताला कोश करावयास सांगणारा राजा स्वतः प्रसंगानुरूप दोन्ही भाषा वापरीत होता. हा विरोध नव्हे, राज्यकर्त्याचा विवेक आहे.

विसाव्या शतकात हा कोश पुन्हा वादात आला, तो भाषाशुद्धीच्या चळवळीमुळे. चळवळीच्या कैवाऱ्यांना त्यात पूर्वपुण्याई दिसली. याच काळात माधवराव पटवर्धन म्हणजे माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि पुढे १९३८ मध्ये 'भाषाशुद्धिविवेक' लिहिले. एकाच अभ्यासकाने दोन्ही टोके हाताळावीत यात पंतांच्या कोशाचेच द्वंद्व पुन्हा उमटलेले दिसते. य. न. केळकरांच्या १९६२ च्या ऐतिहासिक शब्दकोशाने मात्र शुद्धीचा प्रश्न बाजूला ठेवून कागदपत्रांतील शब्द कागदपत्रांतल्या अर्थाने दिले. काळाचा शब्द शोधणाऱ्याने प्रथम तेथे जावे आणि मग शस्त्रवर्गाकडे यावे, हा क्रम योग्य.

रघुनाथपंतांची अखेरची वर्षे कर्नाटकातच गेली. १६८० मध्ये शिवाजीमहाराज निवर्तले. संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीत, १६८१ मध्ये, जिंजीचा अधिकार हरजीराजे महाडिकांकडे गेला, आणि थोड्याच काळात पंतांचा अंत झाला. त्यांनी मिळविण्यास हातभार लावलेली जिंजी पुढे स्वराज्याच्या कामी आली. १६८९ मध्ये राजाराममहाराज रायगडचा प्रदेश सोडून तेथे पोहोचले, आणि झुल्फिकारखानाच्या वेढ्यापुढे तो किल्ला १६९८ च्या आरंभापर्यंत टिकला. त्याच किल्ल्यात, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून, कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर लिहिली. कोश होऊन जेमतेम वीस वर्षे झाली होती. सभासदाने महाराजांच्या कारखान्यांची मोजदाद केली, तेव्हा त्याच्या लेखणीतून तोफखाना, दारूखाना, पीलखाना, नगारखाना हीच नावे उतरली.