मुलांचे डॉक्टर : यानुश कोर्चाक

पाठपरिचय

ज्यू समाजाचा इतिहास हा दीर्घ स्थलांतराचा आणि सोसलेल्या छळाचा इतिहास आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम येथील त्यांचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि पुढील शतकांत हा समाज अनेक देशांत विखुरला. भारतात, कोकण किनाऱ्यावर, बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके राहिले. ते शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. युरोपात मात्र ज्यूंच्या वाट्याला वेगळे जीवन आले. अनेक ठिकाणी त्यांना जमीन बाळगण्यास मनाई होती. साथीचा रोग पसरला की दोष त्यांच्या माथी येई. इंग्लंडने १२९० मध्ये आणि स्पेनने १४९२ मध्ये त्यांना देशाबाहेर घालवले. या द्वेषाची परिसीमा हिटलरच्या राजवटीत झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या करण्यात आली. ही संख्या इतकी मोठी आहे की तिच्यामागचे दुःख मनाला उमगत नाही. एका माणसाच्या जीवनातून ते समजून घेण्याचा प्रयत्न या पाठात केला आहे.

मूलपाठ

यानुश कोर्चाक हे टोपणनाव. त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. पोलंडमधील वॉर्सा शहरात, एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात, १८७८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित वकील होते. घरात पोलिश भाषा बोलली जाई आणि आपण इतरांहून वेगळे आहोत याची जाणीव लहानग्या हेन्रिकला नव्हती. ती त्याला एका पक्ष्याच्या मृत्यूने करून दिली. तो पाच वर्षांचा असताना त्याचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. पक्ष्याला पुरून त्यावर लाकडाचा क्रूस उभारावा, असे त्याला वाटले. तेव्हा पहारेकऱ्याच्या मुलाने त्याला अडवले. पक्षी ज्यू होता आणि हेन्रिकही ज्यूच आहे, असे त्या मुलाने त्याला बजावले. माणसामाणसांत भिंती असतात, हे त्या दिवशी त्याला प्रथमच कळले.

पुढे वडिलांना मानसिक आजार जडला आणि १८९६ मध्ये ते निवर्तले. घरची संपत्ती ओसरली. शिकवण्या करून हेन्रिकने संसाराला हातभार लावला आणि वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. याच काळात ‘यानुश कोर्चाक’ या नावाने त्यांचे लेखन सुरू झाले. वॉर्सातील मुलांच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून त्यांनी नाव मिळवले. परंतु औषधाने बरे झालेले मूल पुन्हा त्याच दारिद्र्यात आणि उपेक्षेत परतते, ही गोष्ट त्यांना अस्वस्थ करीत राहिली. केवळ रोगावर उपचार करणे त्यांना पुरेसे वाटेना. मुलांचे जगणेच बदलले पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले.

१९१२ मध्ये वॉर्सातील क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी एक वसतिगृह उघडले. कोर्चाक त्याचे संचालक झाले. स्टेफानिया विल्चिन्स्का या त्यांच्या सहकारी होत्या. वसतिगृहाचा दैनंदिन कारभार प्रामुख्याने त्याच सांभाळत. कोर्चाक यांनी लग्न केले नाही. ही मुले हेच त्यांचे कुटुंब ठरले.

या वसतिगृहाची रचना त्या काळी अपूर्व होती. झाडलोट, स्वयंपाकघरातील मदत, लहानांची देखभाल अशी कामे मुले आपसांत वाटून घेत. मुलांची स्वतःची संसद होती, भित्तिपत्र होते आणि न्यायालयही होते. न्यायाधीश मुलांमधूनच निवडले जात. या न्यायालयाच्या संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची होती. शिक्षा हा अखेरचा उपाय मानला जाई. मोठ्यांनी अन्याय केला तर त्यांच्यावरही खटला भरता येई. स्वतः कोर्चाक अनेकदा या न्यायालयापुढे उभे राहिले आणि मुलांचा निकाल त्यांनी मान्य केला. मूल हे उद्या होणारा माणूस नसून आजच माणूस आहे, म्हणून त्याला आजच आदर मिळाला पाहिजे, हा विचार त्यांनी असा आचरणात आणला.

त्यांची लेखणीही मुलांसाठीच झिजली. बालवयात राज्याची जबाबदारी अंगावर पडलेल्या राजा मातची त्यांची कथा जगभर वाचली गेली. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी चालवलेले साप्ताहिक सुरू केले. ते १९३९ पर्यंत निघत होते. रेडिओवर ते ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने बोलत आणि हजारो घरांत त्यांचा आवाज ऐकला जाई. पण पोलंडमध्येही ज्यूद्वेष वाढत होता. १९३६ मध्ये त्यांचा हा लोकप्रिय कार्यक्रम काही काळ बंद करण्यात आला. १९३४ आणि १९३६ मध्ये ते पॅलेस्टाइनला जाऊन आले. तेथे स्थायिक होण्याचा विचार त्यांच्या मनात घोळत होता. परंतु वॉर्सातील मुलांना सोडून जाणे त्यांना जमले नाही. स्टेफानियाही पॅलेस्टाइनमधून १९३९ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, मुलांकडे परतल्या.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. नाझींनी ज्यूंना दंडावर निळ्या ताऱ्याची पट्टी बांधण्याची सक्ती केली. कोर्चाक यांनी ती कधीही बांधली नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये शहराचा एक भाग उंच भिंतीने बंदिस्त करण्यात आला. हाच वॉर्साचा घेटो. वसतिगृहालाही आपली वास्तू सोडून तेथे जावे लागले. स्थलांतराच्या वेळी मुलांसाठी नेल्या जाणाऱ्या बटाट्यांची गाडी जप्त झाली. कोर्चाक दाद मागण्यासाठी जर्मन अधिकाऱ्याकडे गेले. दंडावर पट्टी नसल्याने त्यांनाच कैदेत टाकण्यात आले.

घेटोत चार लाखांहून अधिक माणसे कोंबली होती. अन्नाचा शिधा जगण्यास अपुरा होता. १९४२ च्या मध्यापर्यंत भूक आणि रोगराई यांनी तेथे सुमारे ८३,००० माणसे मृत्युमुखी पडली. साठी ओलांडलेले, आजारी कोर्चाक रोज झोळी घेऊन बाहेर पडत आणि मुलांसाठी धान्य, बटाटे, जे मिळेल ते मागून आणत. अशा अवस्थेतही वसतिगृहातील शिकवणी, न्यायालय आणि वाचन थांबले नाही.

१८ जुलै १९४२ रोजी वसतिगृहात एक नाटक झाले. ते होते रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’. आजारामुळे खोलीबाहेर पडण्यास मनाई असलेला अमल खिडकीतून जग पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहत शांतपणे डोळे मिटतो. भिंतीआड कोंडलेल्या मुलांना अमलची व्यथा समजावून सांगावी लागली नसेल. मृत्यूला भय न बाळगता सामोरे जाण्याचे बळ मुलांना मिळावे, म्हणून कोर्चाक यांनी हे नाटक निवडले, असे सांगितले जाते.

चारच दिवसांनी, २२ जुलै रोजी, घेटोतील ज्यूंना मृत्युछावणीकडे नेण्यास सुरुवात झाली. पोलिश मित्रांनी कोर्चाक यांना वाचवण्यासाठी बनावट कागदपत्रे तयार ठेवली होती. त्यांनी ती नाकारली. आजारी मुलाला रात्री एकटे सोडत नाहीत, मग अशा वेळी कसे सोडावे, हा त्यांचा सरळ हिशेब होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वसतिगृहाची पाळी आली. सुमारे दोनशे मुले रांगेने, शिस्तीत, स्थानकाकडे निघाली. मुलांचे हात धरून कोर्चाक पुढे चालत होते. स्टेफानिया आणि इतर सहकारीही बरोबर होते. मालगाडीच्या डब्यांत भरून त्यांना ट्रेब्लिंका येथे नेण्यात आले. तेथून त्यांच्यापैकी कोणीही परत आले नाही.

ट्रेब्लिंका येथे आज सुमारे १७,००० दगडांचे स्मारक उभे आहे. अनेक दगडांवर नष्ट झालेल्या ज्यू वस्त्यांची नावे आहेत. व्यक्तीचे नाव मात्र एकाच दगडावर कोरले आहे, आणि ते कोर्चाक यांचे आहे. १९७८ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा प्रस्ताव त्यांच्याच देशाने, पोलंडने, मांडला. संयुक्त राष्ट्रसंघाने तो करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारला आणि भारताने १९९२ मध्ये त्यास मान्यता दिली. कोर्चाक आपल्या मुलांना मृत्यूपासून वाचवू शकले नाहीत. परंतु ज्या राजवटीने त्या मुलांना माणूस मानण्याचे नाकारले, तिच्यासमोर अखेरच्या पावलापर्यंत त्यांनी त्यांना माणूस म्हणून वागवले. घरात, शाळेत वा कामाच्या ठिकाणी लहान मुलाशी बोलताना आपण त्याचा मान राखतो का, हा प्रश्न त्यांचे जीवन आपल्यालाही विचारते.

स्वाध्याय

१. कॅनरी पक्ष्याच्या प्रसंगातून लहान हेन्रिकला कोणती जाणीव झाली?
२. वसतिगृहातील मुलांच्या न्यायालयाची वैशिष्ट्ये लिहा.
३. घेटोतील मुलांसाठी ‘डाकघर’ हे नाटक निवडण्यामागील औचित्य स्पष्ट करा.
४. कोर्चाक यांनी सुटकेची संधी का नाकारली? या निर्णयाविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत मांडा.