एम्. ए.ची सात वर्षे : रा. द. रानडे यांच्या तत्त्वज्ञानाध्ययनाची कथा

मुंबई विद्यापीठाची एम्. ए.ची पदवी रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांना इ. स. १९१४ मध्ये मिळाली. विषय तत्त्वज्ञान, आणि सोबत चॅन्सेलरचे सुवर्णपदक. बी. ए.ची परीक्षा ते १९०७ साली उत्तीर्ण झाले होते. सामान्यतः दोन-तीन वर्षांत संपणाऱ्या अभ्यासाला सात वर्षे लागली. चरित्रकार बहुधा ह्या अवधीचा उल्लेख एका वाक्यात करतात आणि पुढे उपनिषदांवरील ग्रंथाकडे किंवा निंबाळच्या आश्रमाकडे वळतात. पुढील चाळीस वर्षांत रानड्यांनी जे लिहिले त्याची घडण मात्र ह्याच रखडलेल्या वर्षांत झाली असे मानण्यास भरपूर आधार आहे.

रानड्यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. आज ते गाव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. दरबार मराठी, बाजार कानडी, आणि दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदत असलेल्या ह्या सरहद्दीच्या मुलखात त्यांचे बालपण गेले. ह्या द्वैभाषिक पार्श्वभूमीची आठवण ठेवल्यावाचून त्यांच्या उत्तरायुष्यातील ग्रंथरचनेचा उलगडा होत नाही. शाळेत असतानाच, १९०१ मध्ये, उमदीचे भाऊसाहेब महाराज ह्यांच्याकडून त्यांना नामदीक्षा मिळाली. ज्या परंपरेतून ही दीक्षा आली तिचे मूळ पुरुष निंबर्गीचे महाराज. पुढे इंचगेरी येथील मठामुळे ती इंचगेरी संप्रदाय म्हणून ओळखली जाऊ लागली. संप्रदायाचे लोक बोलत कानडी आणि नित्य वाचीत मराठी 'दासबोध'. भाषेच्या सीमा आणि भक्तीच्या सीमा एक नसतात, हे रानड्यांना तौलनिक साहित्याच्या कोणत्याही सिद्धांतावाचून, पंधराव्या वर्षीच कळले असले पाहिजे.

मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. बी. ए. झाल्यावर त्याच कॉलेजात त्यांना दक्षिणा फेलोची जागा मिळाली. ह्या नावामागील इतिहास लहानसा पण बोलका आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमदानीत हळूहळू आटवण्यात आली आणि तिच्या निधीतून पदवीधरांसाठी वृत्त्या निर्माण झाल्या. फेलोने कनिष्ठ वर्गांना काही शिकवावे आणि उरलेल्या वेळात स्वतःचा एम्. ए.चा अभ्यास करावा, अशी व्यवस्था होती. मुंबई विद्यापीठ तेव्हा मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. तत्त्वज्ञानाचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग, नियमित व्याख्याने, मार्गदर्शक हे सारे पुढचे. एम्. ए.चा विद्यार्थी म्हणजे ग्रंथालयात एकटा बसणारा, नेमलेली पुस्तके स्वतःच्या हिमतीवर पचविणारा तरुण. नेमलेली पुस्तकेही बहुतांशी युरोपीय. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, प्लेटो-ॲरिस्टॉटल, कांट आणि कांटनंतरचे इंग्रज चिद्वादी, असा तो सारा प्रांत होता. शंकराचार्य वाचावयाचे ते संस्कृताच्या अभ्यासक्रमात. तत्त्वज्ञ म्हणून त्यांना तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत फारसा प्रवेश नव्हता.

ह्याच डेक्कन कॉलेजात एका पिढीपूर्वी गोपाळ गणेश आगरकरांनी एम्. ए. केले होते. मिल आणि स्पेन्सर वाचून आगरकर बुद्धिप्रामाण्याकडे आणि अज्ञेयवादाकडे गेले. जवळपास त्याच ग्रंथांच्या कपाटासमोर बसून रानडे नामस्मरणावरील आपली निष्ठा दृढ करून बाहेर पडले. अभ्यासक्रम माणूस घडवितो असे मानणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. तरीही दोघांमध्ये एक साम्य आहे, आणि ते वरवरचे नाही. आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा बुद्धीच्या न्यायासनापुढे उभी केली पाहिजे, ह्याविषयी दोघांच्याही मनात संदेह नव्हता.

फेलोशिपच्या काळातच रानड्यांची प्रकृती ढासळली. आजार गंभीर होता आणि दीर्घकाळ टिकला. अभ्यास थांबला, परीक्षा लांबणीवर पडली. तरुण विद्वानाच्या आयुष्यातील ही पोकळी कशाने भरली गेली, हे त्यांनी पुढे आत्मकथनपर निबंधात सूचित केले आहे. राधाकृष्णन् आणि म्यूरहेड ह्यांनी १९३६ मध्ये संपादिलेल्या समकालीन भारतीय तत्त्वज्ञानावरील संग्रहात हा निबंध आहे. संग्रहातील इतर लेखक आपली दर्शने मांडतात. रानड्यांनी आपल्या विचाराची वाटचाल सांगणे पसंत केले. दीक्षेच्या वेळी भक्ती होती, पण ती तपासलेली नव्हती. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाने तिच्यापुढे प्रश्न उभे केले. आणि आजारपणात, जेव्हा ग्रंथ हातात धरणेही अवघड होते, तेव्हा प्रश्न आणि साधना ह्यांची गाठ पडली. शरीर असे मोडून पडले असताना मन ज्याला धरून राहिले, तो भ्रम की सत्य? एम्. ए.च्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत न येणारा हा प्रश्न रानड्यांनी आयुष्यभर सोडविला.

येथे एका प्रचलित समजुतीला छेद देणे आवश्यक आहे. रानडे मुळात संत होते, प्राध्यापकी हा केवळ चरितार्थ होता, असे त्यांच्या भक्तमंडळींत कधी कधी सांगितले जाते. हे खरे मानले तर परीक्षेचा खटाटोप अनाकलनीय ठरतो. प्रकृतीने साथ सोडलेली, गुरूकडून मार्ग मिळालेला, आणि ज्या पदवीतून आपल्या अनुभवाविषयी एक अक्षरही विचारले जाणार नाही अशी पदवी. तिच्यासाठी पुन्हा कांट आणि ॲरिस्टॉटल उघडून बसणारा मनुष्य तिला उपचार समजत नव्हता हे उघड आहे. नोकरीची गरज होतीच. पण सुवर्णपदक नुसत्या गरजेतून येत नाही. १९१४ हेच भाऊसाहेब महाराजांच्या निर्वाणाचेही वर्ष. शिष्याने पदवी मिळविली त्याच वर्षी गुरू गेले. ह्या योगायोगावर अधिक भार घालू नये. पण ह्यापुढे आपल्या अनुभवाचा कस आपणच लावावयाचा आहे, ही जाणीव त्या वर्षाने दिली असावी.

त्यानंतर दहा वर्षे ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सेवेत, मुख्यतः फर्ग्युसन कॉलेजात, तत्त्वज्ञान शिकवीत होते. पहिले लेखन ग्रीकांवर आहे. हेराक्लायटसवरील निबंध १९१६ चा आणि ॲरिस्टॉटलने एलिआटिक पंथावर केलेल्या टीकेची चिकित्सा १९१९ ची. एम्. ए.च्या अभ्यासाची ही सरळ फलश्रुती होय. ह्या विषयांची निवडही सूचक आहे. एलिआटिकांचे एक, अचल, अविभाज्य सत् आणि त्यावर ॲरिस्टॉटलची टीका ह्या वादात अद्वैत वेदान्त वाचलेल्या माणसाला परके काहीच वाटत नाही. पार्मेनिडीजशी बोलताना रानडे मनात कोणाशी बोलत होते, हे ओळखणे कठीण नाही.

१९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी सोसायटीची सेवा सोडली. त्याच वर्षी पुण्यात 'ॲकॅडेमी ऑफ फिलॉसफी अँड रिलिजन' ही संस्था स्थापिली. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांसह भारतीय तत्त्वज्ञानाचा अनेक खंडांचा इतिहास लिहिण्याची योजना आधीच आखली गेली होती. योजना प्रचंड होती. तिच्यातील थोडेच खंड प्रत्यक्षात आले. तिच्याबरोबरीने १९२६ साली 'ए कन्स्ट्रक्टिव्ह सर्व्हे ऑफ उपनिषदिक फिलॉसफी' प्रसिद्ध झाला आणि रानड्यांचे नाव देशभर झाले.

ह्या ग्रंथाकडे एम्. ए.च्या विद्यार्थ्याचे उत्तर म्हणून पाहता येते. सात प्रकरणांत उपनिषदांची पार्श्वभूमी, सृष्टिविचार, मानसशास्त्र, उत्तरकालीन दर्शनांची बीजे, परमतत्त्वाचा प्रश्न, नीती आणि शेवटी आत्मसाक्षात्काराची चिन्हे, असा क्रम आहे. विभागांची नावे पाश्चात्त्य विद्यापीठातील, आशय आरण्यकांतला. ही चौकट बाहेरून लादलेली आहे असा आक्षेप घेता येईल आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु उपनिषदे एकाच सिद्धांताची पोथी नसून अनेक ऋषींचे, अनेक पद्धतींनी चाललेले चिंतन आहे, हे दाखविण्यासाठी त्यांनी कोडे, सूत्र, निरुक्ती, आख्यान, उपमान, संवाद, स्वगत अशा विवेचनपद्धतींचा जो पट मांडला आहे, त्याला साहित्याच्या अभ्यासकांनी अद्याप पुरते लक्ष दिलेले नाही. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात वाङ्मयप्रकारांची ही जाण दुर्मीळ आहे. शेवटचे प्रकरण अनुभवावर यावे, हाही योजनेचाच भाग. तर्काच्या सर्व पायऱ्या चढल्यावाचून तेथे पोचण्याची सवलत वाचकाला दिलेली नाही.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस, गंगानाथ झा कुलगुरू असताना, रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले. १९४६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे होते. काही काळ कुलगुरुपदाचे कामही त्यांच्याकडे आले. विभागात अनुकूलचंद्र मुकर्जींसारखा कांट आणि शंकराचार्य ह्यांवर सारखेच प्रभुत्व असलेला सहकारी होता. सत्र गंगा-यमुनेकाठी आणि सुटी विजापूर जिल्ह्यातील निंबाळ ह्या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळच्या घरी, असा त्यांचा क्रम पडून गेला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाङ्मयावर लिहिणाऱ्या विद्वानांची जी लहानशी परंपरा आहे, तिच्यात रानड्यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा मराठी संतांवरील प्रमुख ग्रंथ ते अलाहाबादेस असताना, १९३३ मध्ये, इंग्रजीत बाहेर पडला.

'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' ह्या ग्रंथापूर्वी त्यांनी ज्ञानेश्वर, नामदेवादी संत, तुकाराम आणि रामदास ह्यांच्या वचनांचे मराठी संग्रह 'वचनामृत' ह्या नावाने सिद्ध केले होते. आधी मूळ वेचे निवडावयाचे, त्यांना विषयवार लावावयाचे, आणि मग विवेचन करावयाचे, ही त्यांची पद्धत. विवेचनग्रंथात ज्ञानेश्वरांचा अनुभववाद बौद्धिक, नामदेव आणि त्यांच्या समकालीनांचा लोकसत्ताक, एकनाथांचा समन्वयात्मक, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ, आणि रामदासांचा क्रियाशील असे पाच प्रकार कल्पिले आहेत. शिक्षकाला सोयीची अशी ही वर्गवारी आहे आणि सोयीच्या वर्गवारीचे दोषही तिच्यात आहेत. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या बौद्धिक कशा म्हणाव्यात, किंवा चोखामेळ्याचे दुःख लोकसत्ताक ह्या एका विशेषणात कसे मावावे, असे प्रश्न वाचकाला पडतात. महानुभावांना तर ह्या पाच दालनांत स्वतंत्र जागाच नाही. अनुभूतीचा इतिहास लिहिताना समाजाचा इतिहास मागे राहिला, हे मान्य केले पाहिजे. मात्र मराठी संतकवी हे जगातील अनुभववादी लेखकांच्या पंक्तीत बसून वाचले जाऊ शकतात, हे इंग्रजीतून एवढ्या विस्ताराने आणि मूळ वचनांच्या आधाराने दाखविणारा दुसरा ग्रंथ त्या काळी नव्हता. त्यांचे शिष्य शंकर गोपाळ तुळपुळे ह्यांनी पुढे प्राचीन मराठीच्या संशोधनात साधनांविषयी जी काटेकोर दृष्टी दाखविली, तिचे काही श्रेय ह्या शिस्तीला द्यावे लागेल.

निवृत्तीनंतर रानडे निंबाळला राहिले. शरीर आधीच कृश, आहार अत्यल्प. पण वाचन आणि चर्चा चालू होत्या. मराठीनंतर हिंदीची पाळी आली. 'परमार्थसोपान' हा हिंदी पदांचा संग्रह आणि त्यावरील इंग्रजी विवेचन 'पाथवे टु गॉड इन हिंदी लिटरेचर' ही दोन्ही १९५४ ची. येथे त्यांनी मराठी ग्रंथातील कालक्रम सोडून सोपानक्रम स्वीकारला. प्रेरणा, नैतिक सिद्धता, यात्रेचा आरंभ, परमोच्च चढण, अशा टप्प्यांवर कबीर, सूर, तुलसी आणि मीरा एकमेकांशेजारी उभे राहतात. वाङ्मयेतिहासकाराला हे अडचणीचे आहे, कारण शतके आणि संप्रदाय एकमेकांत मिसळतात. साधकाला हे सोयीचे आहे. सत्तरीकडे झुकलेल्या रानड्यांनी ह्या दोघांपैकी कोणाची बाजू घेतली हे स्पष्ट आहे. तरीही वर्गीकरण आणि प्रमाण ह्यांची जी सवय एम्. ए.च्या विद्यार्थ्याला लागली होती, ती सुटलेली नाही.

कानडी मात्र शेवटी आली. वचनकार आणि हरिदास ह्यांच्यावर त्यांनी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात व्याख्याने दिली. जमखंडीच्या बाजारात कानावर पडलेली ती भाषा साठ वर्षांनी त्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांचे निधन झाले तेव्हा हा ग्रंथ छापलेला नव्हता. तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरच्या व्याख्यानांतून वाढलेला गीतेवरील ग्रंथ त्याच्या आदल्या वर्षी निघाला होता. १९२९ साली कलकत्त्यास दिलेली वेदान्तावरील व्याख्याने पुस्तकरूपाने यावयास १९७० साल उजाडले.