सासवण्याचे शिल्पकार करमरकर

पुण्याच्या शिवाजीनगरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुणेकरांच्या पूर्ण परिचयाचा आहे. तो घडविणाऱ्या विनायक पांडुरंग करमरकर यांचे नाव मात्र त्यातील कितीजणांना सांगता येईल, ही शंकाच आहे.

२ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागजवळील सासवणे या गावी त्यांचा जन्म झाला. घरी गणपतीच्या मूर्ती होत असत. मातीची ओळख झाली ती तिथेच. देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पुढे सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्यामुळे ते कोलकात्याला गेले. १९२० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले.

पुण्याच्या पुतळ्याची कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते पायाभरणी झाली. पण पुढच्याच वर्षी शाहू महाराजांचे निधन झाले. नंतर हे काम करमरकरांकडे आले. एवढा मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांत ओतून जोडणे हा रूढ आणि सुरक्षित मार्ग. करमरकरांनी तो अखंड ओतण्याचे ठरविले व माझगाव गोदीत तसा ओतविलाही. अशा कामात दुसरी संधी नसते. रस मध्येच थंडावला किंवा साच्यात हवा कोंडली, तर कित्येक महिन्यांची मेहनत क्षणात वाया जाते. ओतकाम निर्दोष उतरले आणि जून १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले.

यानंतर थोरामोठ्यांचे पुतळे घडविण्याची कामे त्यांच्याकडे येत राहिली. तरीही त्यांचा खरा जीव सासवण्याच्या माणसांत आणि जनावरांत होता, असे त्यांच्या घरातील शिल्पे पाहिल्यावर वाटते. ‘शंखध्वनी’, ‘मत्स्यगंधा’, कष्टकरी स्त्री-पुरुष, अगदी दारची म्हैससुद्धा! यातील काही कामे तर साध्या सिमेंटची आहेत.

१३ जून १९६७ रोजी करमरकरांचे निधन झाले. ब्राँझचे पुतळे उघड्यावर उभे राहू शकतात. प्लास्टरला कोकणातील दमट हवा सोसत नाही. कुटुंबीयांनी ही शिल्पे विकून टाकली नाहीत की अडगळीत पडू दिली नाहीत. राहत्या घराचेच त्यांनी संग्रहालय केले आणि ते येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी खुले ठेवले.