दुखऱ्या पायाचे ऋण

अकोल्याच्या शाखेत असताना एका पावसाळ्यात जिन्यावरून घसरलो आणि उजवा घोटा मोडला. प्लॅस्टर निघाले, हाड जुळले; पण रात्री तळपाय पेटल्यासारखा व्हायचा, बोटे बधिर पडायची. डॉक्टरांनी घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे बोटाने ठोकले, तशी तळव्यापर्यंत झिणझिणी गेली. तिथल्या अरुंद वाटेने तळपायाची नस जाते. दुखापतीनंतरच्या सुजेने ती चिमटली होती. काही महिन्यांनी मुंग्या ओसरल्या. त्या दिवसांत मला सारखे आठवायचे ते अमरावतीचे तपोवन.

कारण कुष्ठरोगात हीच नस सुजते, त्याच जागी आवळली जाते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर निकामी होते. मग काटा, निखारा, चपलेचा खिळा, काहीच कळत नाही. माणूस जखमेवर चालत राहतो, जखम चिघळते, बोटे झिजतात. लोकांना वाटते, रोगाने बोटे झडली. खरे तर त्याचे दुखणेच हरवलेले असते.

अशा माणसांसाठी तपोवन उभारले डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी. अमरावतीकरांचे ते दाजीसाहेब. जन्म १८९२चा, जमखंडीकडचा. होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणून ते अमरावतीत स्थिरावले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. दवाखाना होता, गावात मान होता. उरलेले आयुष्य सुखात गेले असते. पण १९४६ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी तपोवनाचा संसार मांडला.

तेव्हा महारोगी म्हटले की घरचे दार बंद आणि देवळाची पायरी तेवढी उघडी. दाजीसाहेबांनी त्यांना डोक्यावर छप्पर दिले आणि हाताला काम दिले. दयेच्या घासापेक्षा कष्टाची भाकरी माणसाला उभे करते, हे त्यांनी ओळखले होते. १९५९ साली ते पद्मश्री झाले. १९८६ साली, नव्वदी ओलांडून, ते गेले.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. मात्र मेलेली नस सहसा परत येत नाही. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नये, लगेच दाखवावा.

माझा घोटा अजूनही पावसाळी हवेत ठणकतो. घरचे तेल गरम करतात. मी मात्र तक्रार करत नाही. दुखते आहे, म्हणजे पाय अजून माझा आहे.