रिद्धपूरचे राऊळ : जाणे आणि परत येणे

थोर माणसांच्या कथा ऐकल्या की एकच साचा दिसतो. माणूस घर सोडतो, कष्ट सोसतो, काही मिळवतो अन् परत येतो. सिद्धार्थ गौतम बुद्ध होऊन कपिलवस्तूला आले. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, शिकून आले आणि १९२७ साली महाडच्या तळ्यावर उभे राहिले.

आपल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, तेराव्या शतकातले. जन्म ब्राह्मणाघरचा. आईबाप लहानपणीच गेले, नातलगांनी रिद्धपुरात वाढवले. महानुभाव परंपरेप्रमाणे द्वारावतीला चांगदेव राऊळांकडून त्यांना ज्ञान मिळाले. मग ते रिद्धपुरातच राहिले. गाव त्यांना वेडे समजे. शिवाशिव ते पाळत नसत, महार-मांगांच्या घरात जात. मातंगांचे पाण्यावाचून हाल होत, तेव्हा विहीर कुठे खणायची ती जागा त्यांनी दाखवली, असे त्यांच्या चरित्रात आहे. गुजरातहून आलेल्या चक्रधरांनी त्यांनाच गुरू केले. १२८७-८८ च्या सुमारास राऊळ गेले.

परंपरा त्यांना अवतार मानते. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, अवतार मानत नाही. पण चमत्कार बाजूला ठेवला तरी विहीर उरते. महाडलाही प्रश्न पाण्याचाच होता.

आम्हीही गिरणीसाठी गाव सोडले, पाळी संपल्यावर वाचायला शिकलो. ते वस्तीत वाटले नसते तर आमचे जाणे फुकटच होते. आपली पोरं आज पुण्या-मुंबईला शिकतात, याचा आनंद आहे. पण पोरांनो, परत येताना वस्तीसाठी काय आणाल?

जयभीम!