नाताळची खरी भेट

मांजरसुंब्याच्या आमच्या घरी नाताळ नसतो. त्या दिवसांत आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतात. एका नाताळात त्यांच्या कोपीवर कुणी जुने कपडे वाटले. घेताना आईची मान खाली गेली. म्हणूनच पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र मला जवळचे वाटते. दुष्काळात त्यांचे आई-वडील गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला 'मुक्ती' उभारले. तिथे नुसते अन्नवस्त्र नव्हते. शिक्षण, विणकाम, छपाईही होती. चांदण्यांनी घर सजते; पण घेणाऱ्याची मान ताठ ठेवते, तीच नाताळची खरी भेट!