शेतावरची मेरी, जिच्या इंधनावर अमेरिकेचा पहिला उपग्रह उडाला

३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून एक रॉकेट उडालं आणि एक्सप्लोरर-१ हा त्या देशाचा पहिला उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. पेपरात फोटो आले ते रॉकेटवाले वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांचे. रॉकेटच्या टाकीत जे इंधन जळलं ते शोधून काढणाऱ्या बाईचं नाव कुठंच नव्हतं. तिचं नाव मेरी शर्मन मॉर्गन.

मेरीचा जन्म ४ नोव्हेंबर १९२१ चा. अमेरिकेच्या उत्तरेला नॉर्थ डाकोटा नावाचं राज्य आहे, कडाक्याच्या थंडीचं आणि गव्हाच्या शेतीचं. तिथल्या रे या छोट्या गावाजवळ तिच्या वडिलांची शेती होती. सहा भावंडांत ती शेवटून दुसरी. घरच्यांना पोरगी शाळेपेक्षा शेतावर हवी होती, त्यामुळं शाळेचं तोंड बघायला तिला वयाची आठ वर्षं लागली. इतर पोरं दोन-तीन इयत्ता पुढं गेलेली. तरी १९३९ साली हायस्कूल संपलं तेव्हा वर्गात पहिली तीच होती.

पुढं रसायनशास्त्र शिकायला तिनं ओहायो राज्यातलं कॉलेज गाठलं. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांना माणसं मिळेनात. रसायनाची जाण असलेल्या मेरीला सँडस्की गावाजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम मिळालं. पैशाची चणचण होतीच, कॉलेज मधेच सुटलं. डिग्री राहिली ती कायमची. युद्धभर स्फोटकांच्या कामात जे हाताखालून गेलं तीच तिची पुढची शिदोरी.

युद्ध संपल्यावर ती कॅलिफोर्नियात नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत लागली. या कंपनीचा रॉकेट इंजिनांचा विभाग पुढं रॉकेटडाइन म्हणून नावारूपाला आला. तिथं नऊशेच्या आसपास इंजिनिअर होते आणि त्यात बाई एकटी मेरी. डिग्री नाही म्हणून हुद्दा इंजिनिअरचा नाही, ॲनालिस्टचा. काम मात्र तेच. एखादं नवं इंधन इंजिनात जाळलं तर किती जोर मिळेल, उष्णता किती होईल, याचा हिशेब आधी कागदावर मांडायचा. आजच्यासारखा प्रत्येकाच्या टेबलावर कॉम्प्युटर नव्हता. पानंच्या पानं आकडेमोड हातानं चालायची.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकी लष्कराकडं रेडस्टोन नावाचं रॉकेट होतं. ते पाणी मिसळलेल्या अल्कोहोलवर आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालायचं. फॉन ब्राउन यांना त्याच्यावर आणखी टप्पे चढवून उपग्रह सोडायचा होता, पण जोर कमी पडत होता. नवं इंजिन करायला वेळ नाही, पैसा नाही. म्हणून कंपनीला सांगण्यात आलं की इंजिन जवळपास आहे तसंच ठेवा, इंधन बदला आणि जोर वाढवून द्या. ट्रॅक्टर तोच, पंप तोच, आणि नुसतं डिझेल बदलून जास्त नांगरट काढा म्हणण्यासारखं हे काम. सोपं मुळीच नाही. हे काम मेरीकडं आलं, मदतीला दोन तरुण इंजिनिअर.

यूडीएमएच नावाचं एक रसायन ताकदवान होतं, पण वजनाला हलकं. जुन्या पंपातून आणि नळ्यांतून तेवढ्याच मापात इंधन गेलं तर वजनानं कमी भरणार. मग त्यात डीटा नावाचं जड रसायन मिसळायचं ठरलं. किती मिसळायचं इथंच खरी मेख होती. हिशेब करकरून ६० टक्के यूडीएमएच आणि ४० टक्के डीटा हे प्रमाण निघालं. फवारणीची औषधं एकात एक मिसळणाऱ्याला ठाऊक असतं, प्रमाण चुकलं की सगळं वाया जातं.

या इंधनानं इंजिनाचा जोर ७८ हजार पौंडांवरून ८३ हजार पौंडांवर गेला. टाक्याही लांब केल्या होत्या, त्यामुळं जळण्याचा वेळ १२१ सेकंदांवरून १५५ सेकंदांवर पोचला.

नावाची पण गंमत आहे. द्रवरूप ऑक्सिजनला तिकडं थोडक्यात लॉक्स म्हणतात, आणि लॉक्स म्हणजे खारवलेला मासाही. तो मासा बेगल नावाच्या गोल पावाबरोबर खातात. म्हणून मेरीनं इंधनाला बेगल नाव सुचवलं होतं, असं तिच्या घरचे सांगतात. लष्कराला ते काही रुचलं नाही. नाव ठेवलं हायडाइन.

दरम्यान रशियानं बाजी मारली. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला, महिन्याभरात लायका कुत्रीही अवकाशात गेली. अमेरिकेनं ६ डिसेंबरला व्हॅनगार्ड रॉकेट उडवायला घेतलं, ते दोन सेकंदांत जागेवरच कोसळून पेटलं. साऱ्या जगात हसं झालं. मग फॉन ब्राउन यांच्या रॉकेटला परवानगी मिळाली आणि हायडाइनवर एक्सप्लोरर-१ वर गेला. वजन अवघं १४ किलोच्या आसपास. पण पृथ्वीभोवती विकिरणाचे पट्टे आहेत हे त्यातल्याच यंत्रानं दाखवलं, आणि तो उपग्रह १९७० पर्यंत फिरत राहिला.

हायडाइनचं आयुष्य मात्र थोडकं ठरलं. ते विषारी होतं. रेडस्टोनवर माणूस बसवायची वेळ आली तेव्हा पुन्हा अल्कोहोलच वापरलं गेलं. त्यातलं यूडीएमएच पुढंही राहिलं. आपल्या इस्रोच्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या विकास इंजिनाच्या इंधनात मुख्य भाग यूडीएमएचचाच असतो. ते जाळायला जे दुसरं रसायन लागतं ते आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या कारखान्यातून इस्रोला जात आलंय.

मेरीनं कंपनीतल्याच रिचर्ड मॉर्गन या इंजिनिअरशी लग्न केलं होतं. चार मुलं झाली. नोकरी सोडून ती घरी बसली आणि कामाबद्दल बोलणंही सोडलं. काम गुप्त होतंच, शिवाय बाईंचा स्वभावही पुढंपुढं करण्याचा नव्हता. पोटच्या मुलांनाही आईनं काय केलंय हे नीट माहीत नव्हतं.

४ ऑगस्ट २००४ ला त्या गेल्या, वय ८२. मुलानं निधनाची बातमी एका मोठ्या वर्तमानपत्राकडं दिली. तिथं छाननीत त्यांच्या कामाचा कागदोपत्री पुरावा सापडला नाही, म्हणून बातमी छापली गेली नाही. अंत्यविधीला आलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानं मात्र मुलाला सगळं सांगितलं.

मुलगा जॉर्ज नाटककार. त्यानं जुन्या लोकांना गाठून माहिती गोळा केली. आईवर नाटक लिहिलं, ते २००८ साली कॅलटेक या नामांकित संस्थेत झालं. २०१३ साली पुस्तकही आलं.